मूठभर कोंड्यावर घेतलेलं बाळ

मामी, डोक्यावर आता केसांचे खुंट आलेत. टोपी घातली की टोचतात. नव्या वॉर्डात ही कागदी टोपी सगळ्यांनाच घालावी लागते, डॉक्टरांपासून फरशी पुसणाऱ्या मावशींपर्यंत. त्यामुळे सुरुवातीला माझं डोकं फारसं कुणाला दिसलं नाही, आणि मीही दाखवलं नाही. तेच तुला सांगायचंय. तुझ्या कुंदाला सांगून झालं, पण ती माझीच बाजू घेते. माझं सगळं ऐकून घेऊन शेवटी "बरं मंग?" असं विचारणारं घरात आता कुणी नाही.

लोक विचारतात, कोण वारलं? "मामी" म्हटलं तर त्यांना ते लांबचं वाटतं. "सासू" म्हटलं तर एखादा गालात हसतो, की सासूसाठी कोण एवढं करतं. "आई" म्हणायची मला सवय नव्हती, आणि माझी आई होतीच, दोन गल्ल्या पलीकडे. मग मी नुसतं "घरातलं माणूस" म्हणतो.

आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडण होतं. आमच्या धुळ्यातल्या देवपूरच्या घरात, दाराजवळच्या तुझ्या खाटेवर बसून तू शेंगा फोडत होतीस. सुपात दाणे, खाली टरफलं. मी सांगितलं की जळगावची नोकरी पक्की झाली.

"जळगावले काब्र जास? आठे काय कमी शे?"

"कमी काही नाही. तिथं लहान बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. तिथं नर्सिंगला घेतलंय मला."

"कितला लहान?"

"अपुऱ्या दिवसांची. जन्मल्यावर ज्यांना नीट श्वास घेता येत नाही, अशी."

तुझे हात थांबले. एक शेंग अर्धी फुटून तशीच चिमटीत राहिली.

"तू हाडे जोडस ते बरं शे. तेच कर."

"इतकी वर्षं अपघात विभागात तेच करतोय, मामी."

"पगार जास्ती शे का तठे?"

मी म्हणालो, "आहे."

मग तू मला "जवाईबापू" म्हणालीस. खुशीत असलीस की मी "दिल्या" असायचो आणि संतापलीस की "जवाईबापू". लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात बदल नव्हता. "जवाईबापू, अपुरा दिनना लेकरूस्ले जीव लावाना नई. नाव ठेवानं नई. ज्याले नाव नई, त्यानं रडनं नई."

"मी काम करायला चाललोय. जीव लावायला नाही."

"मी मरी जासू, मंग जाय."

आणि मी म्हणालो, "मग तोवर वाट बघत बसू का?"

आत कुंदाच्या हातातलं भांडं ओट्यावर आदळलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. अर्धी राहिलेली शेंग पूर्ण फोडलीस, दाणे सुपात टाकलेस आणि म्हणालीस, "कुंदे, च्या मांड. साखर कमी टाक." मी चहा न घेताच बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं जळगावला गेलो, वॉर्डाचं काम शिकायला बोलावलं होतं म्हणून. निघताना तू भिंतीकडे तोंड करून झोपली होतीस. जागी असशील असं मला वाटलं होतं. तरी मी हाक मारली नाही.

कुंदाचा फोन आला तेव्हा मी हात कसे धुवायचे ते शिकत होतो. कोपरापर्यंत, बोटांच्या बेचक्यांतून, अंगठी आणि मनगटावरचा दोरा काढून. ती म्हणाली, "आई दुपारची झोपली ती उठलीच नाही." परत येताना बस पारोळ्याच्या स्टँडवर थांबली. तिथून तुझी जुनी गल्ली किती जवळ. मी खिडकीतून किल्ल्याकडे पाहत बसलो आणि माझंच वाक्य मला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं. एवढी माणसं हाताखालून गेली, किती जणांचे डोळे मिटले, हनुवट्या बांधल्या. तुझ्या वेळी हात उचलेना. ते कुंदानं केलं.

तुला मुलगा नव्हता, आणि मामा आधीच गेलेले. तुझे भाऊबंद ओट्यावर बसून कुजबुजत होते की जावयानं अग्नी द्यायचा नसतो. कुंदा बाहेर आली आणि म्हणाली, "आईला यांनीच खांदा देऊन उठवलं-बसवलं, आता अग्नीही हेच देतील." भाऊबंद उठून तिरडी बांधायला लागले. दहाव्याला पांझरेच्या काठी मी केस उतरवले.

आणि तेरावा व्हायच्या आत नोकरीवर हजर झालो. त्यांची तारीख ठरलेली होती, ती चुकली असती तर जागा दुसऱ्याला गेली असती. तुझे चुलतदीर, तात्या, म्हणाले, "अरे, सुतकातला माणूस बाळंतिणीच्या दारावरून जात नाही, आणि तू तान्ह्या लेकरांना हात लावायला निघालास?" कुंदानं पिशवी आणून हातात दिली. "आई असती तर तिनं अडवलंच असतं," ती म्हणाली. "ती नाही म्हणून आता मी अडवायचं का? जा तुम्ही. तेराव्याला या."

आता ते, जे मी तुला सांगितलं नाही. पगाराचं तू विचारलंस आणि मी "आहे" म्हणून मोकळा झालो. पगार थोडा जास्त आहे, पण मी त्यासाठी गेलो नाही. मी तुझ्यासाठी गेलो. हे तुझ्या तोंडावर म्हणता येत नव्हतं, कारण ज्या गोष्टीमुळे गेलो ती आपल्या घरात कुणी बोलत नसे.

कुंदाच्या विक्रीची गोष्ट मात्र तू सणावाराला, पाहुण्यांसमोर, हसून हसून सांगायचीस. कुंदा जन्मली त्याच दिवशी तिला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं. माझी आई, म्हणजे तुझी नणंद, दोन गल्ल्या ओलांडून आली. तिनं तुझ्या पदरात मूठभर दादर ज्वारीचा कोंडा टाकला, "लेकरू माझं झालं" म्हणत सूप उचललं, आणि आत येऊन पुन्हा तुझ्याच मांडीवर ठेवलं. "माझं आहे, तू नुसती सांभाळ." म्हणून तिचं नाव कोंडाबाई. शाळेत मास्तरांनी कुंदा केलं. आमचं लग्न ठरलं तेव्हा तू माझ्या आईला सगळ्यांसमोर म्हणालीस, "मोठी हुशार तू. सून कोंडावर लिधी." भर मांडवात हशा पिकला होता.

विक्रीची गोष्ट तू सांगायचीस. विकावं का लागलं ते कधीच नाही. ते मला आईनं सांगितलं, तिच्या शेवटच्या दुखण्यात. कुंदाच्या आधी तुला तीन झाली. तिन्ही दिवस भरायच्या आधी. दोन तर रडलीसुद्धा नाहीत. तिसरं सातव्या महिन्यातलं, तळहातावर मावेल एवढं, पण जिवंत. तू त्याला कापसात गुंडाळून टोपलीत घातलंस आणि टोपली चुलीजवळ ठेवलीस. कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या ओठांवर पिळत राहिलीस. चुलीची धग थेट त्याला लागू नये म्हणून मधे स्वतः बसलीस, चुलीकडे पाठ करून. आई म्हणाली, "पाठ भाजली तिची, पण बाई हलली नाही." काही दिवस ते राहिलं. मग नाही राहिलं.

तुझ्या पाठीवरचा तो काळपट डाग मी पाहिला होता. मागच्या हिवाळ्यात तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुला कुशीवर वळवून पाठ पुसायचं काम माझ्याकडे होतं. मी विचारलं, "हे कशाचं, मामी?" तू म्हणालीस, "जुनं शे. तू पूस." मी पुसलं.

आमच्या वॉर्डात वॉर्मर नावाचं यंत्र असतं. वरून ऊब देतं, बाळाच्या अंगाला चिकटवलेल्या तारेवरून ती कमी-जास्त करतं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभा राहिलो. इन्चार्ज गावित सिस्टर म्हणाल्या, "ब्रदर, कधी पाहिलं नाही का?" मी नाही म्हणालो. खरं तर मला तुझी पाठ दिसत होती.

या गावित सिस्टर नवापूरकडच्या, ख्रिस्ती, माझ्यापेक्षा लहान आणि आवाजाला कमालीच्या हळू. तिथं सगळेच हळू बोलतात. मी अपघात विभागातून आलेला, मला ओरडायची सवय. पहिल्याच दिवशी एका बाळाचा लंगोट बदलायला मी त्याचा पाय धरला, तर त्या कानाशी म्हणाल्या, "ब्रदर, खुबा नाही बसवायचा." बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. मला वाटलं होतं, जाऊन खूप काही करायचं असेल. तिथं मुख्य शिक्षण हे की हात लावायचा नाही. ठरल्या वेळी सगळी कामं एकदम उरकायची आणि मग त्याला एकटं सोडायचं. धरायचं तर दोन्ही तळहातांनी, एक डोक्याशी, एक पायांशी, आणि हात हलवायचा नाही. थोपटायचं नाही, कुरवाळायचं नाही. तुला वाटेल, हे तर तुझंच म्हणणं, जीव लावू नका. तसं नाही ते. हात न हलवता धरून ठेवलं की बाळ हळूहळू शांत होतं, श्वास एकसारखा लागतो. आणि ज्यानं धरलंय त्याचं काय होतं, ते कुठल्या यंत्रावर दिसत नाही.

गावित सिस्टरांनी हात धुताना माझं डोकं पाहिलं होतं, टोपी चढवायच्या आधी. "केस का काढले?" मी म्हणालो, "उन्हाळा." जळगावचा उन्हाळा कुणालाही पटतो. त्यांनी मान हलवली. मला हायसं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली. तू जाऊन पंधरवडाही झाला नव्हता आणि मी तुला उन्हाळा करून टाकलं होतं.

माझ्याकडे दिलेल्या बाळांत एक मुलगी होती. सावद्याच्या मनीषाची. तिथं बाळांना नावं नसतात, पायातल्या पट्टीवर आईचं नाव. "मनीषाचं बाळ." किलोभरापेक्षा जरा जास्त, नाकाला श्वासाच्या नळ्या, कातडी एवढी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. मनीषा वरच्या मजल्यावर होती, सिझरच्या टाक्यांवर हात दाबून जिना उतरायची आणि वाटीत दूध काढून द्यायची, चमचाभर, दोन चमचे. तिची सासू बाहेरच्या बाकावर ठाण मांडून बसलेली असायची. तिचा मुलगा, मनीषाचा नवरा, केळीच्या गाड्या भरायच्या कामावर. म्हातारी काचेला नाक लावून आत बघायची आणि कुणीही दाराबाहेर आलं की विचारायची, "आमची कशी हाये?" मनीषाची आधीची दोन गेली होती. ही तिसरी.

दुसऱ्याच दुपारी मी बाहेर आलो, वऱ्हांड्यातल्या नळावर टोपी काढली आणि तोंडावर पाणी मारलं. वळलो तर म्हातारी बाकावरून उठलेली. माझ्या डोक्याकडे बघत होती.

"कोन मेलं तुह्या घरचं?"

उन्हाळा म्हणायला तोंड उघडलं होतं. पण तिनं तुझ्यासारखीच मान तिरकी केली होती, मामी. मी म्हणालो, "सासू. तेरावा अजून व्हायचाय."

तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अन् सुतकाच्या हातानं तू माह्या पोरीले दूध पाजतं? अरे, दोन गेले आमचे! दोन!" ती मोठ्यानं ओरडली. त्या वऱ्हांड्यात मोठ्यानं कुणी बोलत नाही. दोन्ही बाजूंची दारं उघडली. तिचा मुलगा, त्या दिवशी खाडा करून आलेला, खालून धावत आला, तिनं त्याला सगळं सांगितलं आणि म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोरगी दुसरीकडं हलवायची, नाहीतर घरी न्यायची. तोही घाबरलेला. "आम्ही सही करून नेतो," तो म्हणाला.

नेलं असतं तर काय झालं असतं हे मला सांगायला नको. त्या नळ्या काढून, भर दुपारी, जळगाव ते सावदा. वाटेतलं फैजपूरही तिनं गाठलं नसतं.

डॉक्टरांनी समजावलं. त्याला अर्धं पटत होतं, पण आईकडे बघितलं की पुन्हा पेन मागत होता. गावित सिस्टर माझ्याजवळ आल्या. "ब्रदर, तुम्ही उन्हाळा म्हणाला होता." एवढंच. मग म्हणाल्या, "बाळ इथं राहिलं पाहिजे. त्यासाठी तुम्हाला या वॉर्डातून जावं लागलं तर जाल ना?"

"जाईन," मी म्हणालो. आणि ते म्हणताना कळलं की मला जायचं नाही. तू अडवलंस तेव्हासुद्धा इतकं कळलं नव्हतं.

"मला एकदा त्यांच्याशी बोलू द्या," मी म्हणालो.

मी म्हातारीच्या बाकाजवळ जमिनीवर बसलो. ती पदर डोळ्यांना लावून बसली होती, माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. मी म्हणालो, "अक्का, तुम्ही रागावलात ते बरोबर आहे. मी लपवलं. माझी सासू असती तर तिनं माझं थोबाड फोडलं असतं."

"फोडालेच पाहिजे होतं."

"तिनं मला इथं येऊच नको म्हणून सांगितलं होतं. तिचीही तीन गेली. अशीच, दिवस भरायच्या आधी."

पदर थोडा खाली आला. "मंग? एकबी नाही राह्यलं?"

"एक राहिलं. मुलगी. तिला जन्मल्या दिवशी मूठभर कोंड्यावर विकली, मग राहिली."

"कोनं घेतली?"

"माझ्या आईनं."

"अन् लगन कोनासंगं झालं तिचं?"

"माझ्याशी."

म्हातारी माझ्याकडे वळली. "अरे, मंग बहीनच झाली ना तुही! विकत घेतलेली बहीन केली का बायको?" आणि रडता रडता हसली. बाजूला तोंड पाडून उभा असलेला मुलगाही हसला. तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलेला हा टोमणा, मामी. शब्द वेगळे, तिच्या सावद्याकडचे, पण ठसका तुझाच.

वरून मनीषा हळूहळू जिना उतरून आली होती, भिंतीला टेकून उभी होती. म्हातारीनं तिच्याकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, माझ्या डोक्याकडे पाहिलं.

"तू घे तिले कोंड्यावर," ती मला म्हणाली.

"मी?"

"तूच. तुह्या दारी मरन आताच येऊन गेलं. झाडून पुसून नेलं त्यानं. आता पुन्हा कशाले येईन तपासाले? दुसऱ्या कोनाच्या घरी असली त सापडीन. तुह्या घरी नाही सापडनार."

मी गावित सिस्टरांकडे पाहिलं. मला वाटलं, त्या आता आम्हा सगळ्यांना बाहेर काढतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाळ बाहेर येणार नाही. कोंडा आत जाणार नाही. बाकी तुमचं काय ते करा, पण हळू आवाजात."

कॅन्टीनमध्ये पोळ्यांचं पीठ चाळून ठेवलेलं होतं. चाळणीत उरलेला कोंडा मी मागितला तर बाई म्हणाली, "काय करतोस? गाय पाळलीस का?" मूठभर घेऊन वर आलो. काचेच्या आत वॉर्मरखाली मुलगी, काचेबाहेर आम्ही. मनीषानं पदर पसरला. मी कोंडा टाकायच्या आधी तिनं विचारलं, "पण मी येऊ ना तिला बघायला?"

मी तिच्या पदरात कोंडा टाकला. मग मी आईचे शब्द म्हटले, जे मी लहानपणापासून तुझ्या तोंडून ऐकत आलो होतो. "लेकरू माझं झालं. तू नुसती सांभाळ." आणि पुढं स्वतःचं जोडलं, "दूध तूच द्यायचं, रोज. आणि माझं लेकरू आहे, म्हणून मी सांगतो. मी म्हणेपर्यंत ते इथून हलायचं नाही. सही नाही, दुसरा दवाखाना नाही, काही नाही."

म्हातारी मुलाला म्हणाली, "घे! विकलं नाही त हुकूम चालू झाला याचा." मुलानं पेन डॉक्टरांना परत दिलं.

कोंड्याचा गुण मला माहीत नाही, मामी. यंत्राचा, औषधाचा आणि मनीषाच्या त्या दोन चमच्यांचा माहीत आहे. कोंड्यानं एवढंच केलं की त्यांना तिथं थांबवलं. तेवढं मला पुरे होतं.

संध्याकाळी मी गावित सिस्टरांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "सुतकाचं मला काही नाही. आमच्यात ते नसतं. पण इथं खोटं चालत नाही, ब्रदर. दूध दिलं म्हणालात आणि दिलं नसेल, तर ते बाळ सांगायला येत नाही." त्यांनी मला वॉर्डातून काढलं नाही. फक्त म्हणाल्या, "मनीषाचं बाळ तुमच्याचकडे राहू दे. मालक आहात."

तेराव्याला धुळ्याला आलो. पंगती उठल्यावर कुंदाला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. ऐकून म्हणाली, "गव्हाचा कोंडा दिलात? माझ्या वेळी दादरचा होता. ती महाग पडली तुम्हाला." आणि मग पाणी बंद करून, हात पुसून माझ्याजवळ येऊन बसली. तुझ्या त्या तीन बाळांबद्दल त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा बोललो. तात्या बाहेर बसले होते, त्यांनी ऐकलं असेल तर असो.

पुढच्याच आठवड्यात वॉर्डातलं एक बाळ गेलं. मनीषाचं नव्हे, शेजारच्या वॉर्मरवरचा मुलगा, अमळनेरकडचा. माझ्याकडे तो दोनच वेळा होता. त्यालाही नाव नव्हतं, नुसती पायातली पट्टी. आम्ही सगळं केलं, डॉक्टरांनी सगळं केलं. त्याला पांढऱ्या कापडात गुंडाळून बापाच्या हातात दिलं तेव्हा मला रडू आलं. टोपी डोळ्यांवर ओढून सामानाच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. ज्याला नाव नाही त्याचं रडणं नाही, असं तू म्हणाली होतीस. मामी, हे तुझं चुकलं. आणि मला वाटतं, ते तुला आमच्या सगळ्यांच्या आधीपासून माहीत होतं. चुलीकडे पाठ करून बसताना तुला ते माहीत होतं. मी जळगावला जाऊ नये असं तुला का वाटत होतं, ते मला त्या खोलीत कळलं. मला वाटायचं, तू माझं काम अडवतेस. तू मला चुलीपासून लांब बसवत होतीस.

भांडण आपलं अर्धंच राहिलं. माझं ते वाक्य परत घेता येत नाही, आणि तूही काही उत्तर दिलं नाहीस, चहा मागितलास. तो चहा मी घेतला असता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी परत फिरून तू विचारलं असतंस, "जास का?" तर मी "जातो" असंच म्हटलं असतं. आजही तेच म्हणतो. दिवसपाळी असो की रात्रपाळी, मी तिथं जाणार. जीव लावणार. जी वाचणार नाहीत त्यांच्यासाठी त्या खोलीत जाऊन उभा राहणार, आणि हात धुऊन पुन्हा आत जाणार.

सुट्टीवरून जाताना बस पारोळ्याला थांबते. चहावाला खिडकीशी येतो. आता मी घेतो, साखर कमी.

मनीषाच्या मुलीच्या नाकातल्या नळ्या निघाल्या. आता ती आईच्या छातीवर, कपड्याच्या आत, तासन्‌तास पडून असते. गावित सिस्टर सांगतात, मालकांनी उगीच मधे मधे येऊ नये. वजन वाढतंय, पण घरी जायला अजून वेळ आहे. म्हातारी मला रोज विचारते, "लेकरू तुहं, त नावबी तूच ठेवशीन. काय ठेवतं?"

मी सांगत नाही. नाव मी ठरवलेलं आहे, कुंदालाही ते ठाऊक आहे. पण ज्या दिवशी मुलगी वॉर्डाच्या दारातून बाहेर पडेल, सावद्याच्या गाडीत बसेल, त्या दिवशी म्हणेन. त्याच्या आधी नाही.

एवढं एक तुझं ऐकतोय.